गरम पाण्यात मीठ कमी गारवा का देते? थर्मास, थर्मामीटर आणि वजनकाटा घेऊन मोजण्याची रीत

थंडीच्या सकाळी ठिबकातून खत सोडणाऱ्या द्राक्षबागायतदाराला एक गोष्ट पुस्तक न उघडता माहीत असते. ड्रममधल्या पाण्यात १३:००:४५ ची पिशवी रिती करून काठीने ढवळले, की ड्रम हाताला गारढोण लागतो. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपला जुना सोरा. त्याचा एक मोल, म्हणजे १०१ ग्रॅम, २५ अंश सेल्सिअसच्या भरपूर पाण्यात विरघळताना जवळपास ३५ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. ती द्यायला पाण्याखेरीज जवळ दुसरे कुणी नसते, म्हणून पाणी थंड पडते.

इथपर्यंत शाळेत शिकवतात. अमुक क्षार उष्माग्राही, तमुक उष्मादायी, आणि समोर एक आकडा. तो आकडा २५ अंशाचा आहे, हे तळटीपेत राहून जाते. डिसेंबरच्या पहाटेचे १२ अंशांचे पाणी आणि एप्रिलच्या दुपारचे ३२ अंशांचे पाणी, दोन्हींत तेच खत तेवढेच टाकले तर गारवाही तेवढाच पडतो का? नाही. थंड पाण्यात जास्त पडतो, गरम पाण्यात कमी. साध्या मिठाचा गारवा तर पाणी तापवत नेले की जवळजवळ संपतो, आणि पुढे तेच मीठ विरघळताना उलट उष्णता देऊ लागते.

हा फरक कुठून येतो आणि तो आपल्या हाताने कसा मोजायचा, हे इथे पायरीपायरीने लिहितो. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत दोन दिवसांत जमेल असे काम आहे. थोडी चिकाटी असेल तर घरीही जमेल.

आधी दोन वाटांचा हिशेब

प्रयोगाआधी पाच मिनिटे कागद घ्या. आपल्याकडे १० अंशांचे पाणी आणि १० अंशांचे कोरडे मीठ आहे. आपल्याला पोचायचे आहे ४० अंशांच्या द्रावणापर्यंत. वाटा दोन आहेत.

पहिली वाट: १० अंशालाच मीठ विरघळवा, मग तयार द्रावण ४० पर्यंत तापवा. दुसरी वाट: पाणी आणि मीठ वेगवेगळे ४० पर्यंत तापवा, मग विरघळवा.

सुरुवात तीच आणि शेवटही तोच, तेव्हा दोन्ही वाटांनी लागलेली एकूण उष्णता सारखीच असली पाहिजे. हा हेसचा नियम, १८४० चा. आता दोन्ही वाटांची बेरीज समोरासमोर मांडा. ४० अंशाची विद्रावण-उष्णता (एक मोल क्षार विरघळताना ओढली जाणारी उष्णता) आणि १० अंशाची विद्रावण-उष्णता यांच्यात जो फरक उरतो, तो द्रावण तापवायला लागलेली उष्णता आणि पाणी व मीठ सुटे सुटे तापवायला लागलेली उष्णता यांतल्या फरकाइतकाच असतो. दुसरे काही त्यात येत नाही. किरखॉफ यांनी १८५८ मध्ये मांडलेला नियम हाच:

विद्रावण-उष्णतेतला बदल = (द्रावणाची उष्माधारकता − पाण्याची − कोरड्या मिठाची) × तापमानातला बदल

उष्माधारकता म्हणजे तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता. कंसातली संख्या शून्य असती, तर विद्रावण-उष्णता कोणत्याही तापमानाला सारखीच राहिली असती. ती शून्य नाही. साध्या क्षारांच्या बाबतीत ती ऋण आहे, आणि चांगली ठसठशीत ऋण आहे. या विषयाचे सगळे मर्म या एका उणे खुणेत आहे. मिठाचे द्रावण तापवायला, त्यातले पाणी आणि मीठ सुटे तापवण्यापेक्षा कमी उष्णता पुरते.

कारण पाण्यात आहे. पाण्याची उष्माधारकता मोठी असते, कारण दिलेल्या उष्णतेचा बराच भाग रेणूंमधले हायड्रोजन बंध सैल करण्यात खर्ची पडतो. आयन आत शिरले की भोवतालचे पाणी त्यांच्याकडे तोंड करून उभे राहते. त्या पाण्याची आपसातली जाळी आधीच मोडलेली असते, त्यामुळे तिथे उष्णता मुरवायला जागा उरत नाही. साध्या मिठाच्या अतिविरल द्रावणात मिठाच्या वाट्याची उष्माधारकता २५ अंशाला सुमारे −८४ ज्यूल प्रति मोल प्रति अंश भरते. ऋण! म्हणजे मीठ घातल्यावर द्रावणाचे वजन वाढते, पण त्याची एकूण उष्माधारकता मूळ पाण्यापेक्षाही खाली जाते. कोरड्या मिठाची ५० च्या आसपास असते. −८४ मधून ५० वजा केले की −१३४ उरतात. एकेका अंशाला विद्रावण-उष्णता १३४ ज्यूलने उतरते.

आकडा दिसायला किरकोळ आहे, पण तो कशाशेजारी ठेवायचा ते पाहा. मिठाचा स्फटिक फोडून आयन सुटे करायला मोलामागे सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात, आणि पाणी त्या आयनांना कवेत घेते तेव्हा सुमारे ७८३ परत मिळतात. हातात उरतात जेमतेम ३.९ किलोज्यूल. दोन डोंगरांमधली एवढीशी खाच. ती बुजवायला अंशामागे १३४ ज्यूल पुरेसे आहेत.

काय काय लागेल

अर्धा लिटरचा, रुंद तोंडाचा, स्टीलचा निर्वात थर्मास घ्या. त्याचे मूळ झाकण वापरू नका. जाड थर्माकोल किंवा फोम कापून घट्ट बसणारे बूच करा आणि त्याला दोन भोके पाडा: एक थर्मामीटरसाठी, दुसरे ढवळणीच्या तारेसाठी. ढवळणी म्हणजे खाली कडे वळवलेली स्टीलची किंवा जाड प्लॅस्टिकची तार. तांब्याची नको, ती बाहेरची उष्णता आत आणते.

थर्मामीटर डिजिटल, निदान ०.१ अंश दाखवणारा हवा. ०.०१ चा मिळाला तर उत्तम. तो खरे तापमान दाखवतो की नाही यापेक्षा फरक बरोबर दाखवतो की नाही हे महत्त्वाचे आहे. मात्र १० अंशाला आणि ४० अंशाला तो सारखाच वागतो ना, हे दुसऱ्या एका थर्मामीटरशी ताडून पाहा. वजनासाठी सराफी छोटा काटा, ०.०१ ग्रॅमचा. पाणी बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर.

क्षार कोणता घ्यायचा यावर मी आग्रही आहे: सुरुवात पोटॅशियम क्लोराइडने करा. ते हवेतले पाणी सहज धरत नाही, त्याचे जलयुक्त स्फटिक होत नाहीत, ते झटकन विरघळते आणि गारवा मोजण्याइतका मोठा देते. शिवाय उष्णतामापनाच्या जगात हाच क्षार कसोटीचा दगड आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने प्रमाणित केलेल्या नमुन्यासाठी २५ अंशाला, एका मोलास ५०० मोल पाणी या प्रमाणात, विद्रावण-उष्णता ग्रॅममागे २३५.८६ ज्यूल दिली आहे. म्हणजे मोलामागे १७.५८ किलोज्यूल. आपले उत्तर याच्या आसपास येते का, हे पाहायची सोय मिळते.

खताच्या दुकानातले म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइडच असते, पण लाल दाण्यात लोहाची अशुद्धी असते, म्हणून मोजमापासाठी प्रयोगशाळेच्या प्रतीचेच घ्या. साध्या मिठाचा प्रयोग करताना आयोडीनयुक्त घरगुती मीठ टाळा. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली भुकटी असते, द्रावण गढूळ होते.

काही क्षार या कामात घेऊच नका. अमोनियम नायट्रेटवर स्फोटक म्हणून २०१२ च्या नियमांचे बंधन आहे. कॉस्टिक सोडा आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइड विरघळताना जोरदार तापतात, आणि गरम पाण्यात टाकले तर पाणी उसळून अंगावर येऊ शकते. मॅग्नेशियम सल्फेटचे दोन चेहरे आहेत: सात रेणू पाणी धरलेले स्फटिक विरघळताना गारवा देतात, तोच क्षार निर्जल असला की कडक उष्णता देतो. बरणीत नेमके काय आहे याची खात्री नसेल तर सगळा हिशेब फसतो.

पहिली पायरी: थर्मासची स्वतःची भूक

थर्मासची आतली भिंत, बूच, ढवळणी, थर्मामीटरचे टोक हे सगळे थोडी उष्णता खातात किंवा देतात. ती किती, हे आधी मोजून ठेवायचे.

थर्मासात २०० ग्रॅम पाणी घ्या, बूच लावून दहा मिनिटे ढवळत ठेवा, तापमान टिपा. समजा ते २८.० आहे. दुसऱ्या भांड्यात २०० ग्रॅम पाणी ४८.० ला आणा, ते झटकन ओता, बूच लावा, ढवळा. थर्मासने काहीच खाल्ले नसते तर मिश्रण ३८.० ला स्थिरावले असते. समजा ३७.६५ आले.

गरम पाण्याने गमावलेली उष्णता: २०० × ४.१८ × १०.३५ = सुमारे ८६५० ज्यूल. थंड पाणी आणि थर्मास मिळून ९.६५ अंशांनी तापले, म्हणजे त्यांची एकत्र उष्माधारकता ८६५० ÷ ९.६५ = ८९६. त्यातले पाण्याचे ८३६ वजा करा. उरले ६० ज्यूल प्रति अंश. ही तुमच्या थर्मासची संख्या.

हे निदान चार वेळा करा आणि सरासरी घ्या. ०.१ अंशाच्या थर्मामीटरने एकेक उत्तर दहा ज्यूल इकडेतिकडे जाईल. घाबरू नका, एकूण १७०० मध्ये दहा म्हणजे अर्धा टक्काच. मात्र गरम पाणी ओतताना ते वाटेत हवेत थंड होते, म्हणून त्याचे तापमान ओतण्याच्या क्षणीच वाचा.

दुसरी पायरी: क्षार तयार करणे

पोटॅशियम क्लोराइड खलात बारीक करा, पीठ नको, बारीक रव्याइतके. पीठ केले तर पाण्यावर गोळा बांधून तरंगते. ११० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास वाळवा, बंद डब्यात थंड होऊ द्या, आणि बरोबर ३०.० ग्रॅमच्या पुड्या छोट्या, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यांत भरून ठेवा. ३०.० ग्रॅम म्हणजे ०.४०२ मोल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या तापमानाच्या पाण्यात क्षार टाकायचा, त्याच तापमानाला तो डबाही आणा. १० अंशांच्या प्रयोगासाठी डबा त्याच बर्फाळ टबात अर्धा तास बुडवून ठेवा, ४० च्या प्रयोगासाठी कोमट टबात. झाकणातून पाणी शिरू देऊ नका.

या सूचनेमागे आमच्या प्रयोगशाळेतला एक पूर्ण आठवडा आहे. एका वर्षी मुलांनी चार तापमानांना नेटके काम केले, तापमानाप्रमाणे विद्रावण-उष्णतेचा आलेखही सरळ आला, पण त्याचा उतार अंशामागे १२० ज्यूलच्या आसपास हवा तिथे सत्तरीत. आम्ही थर्मामीटर बदलला, थर्मासची संख्या पुन्हा काढली, वजने तपासली. उतार हलेना. शेवटी एका मुलीच्या ध्यानात आले, की क्षाराची बरणी सगळ्या प्रयोगांत टेबलावरच होती, खोलीच्या तापमानाला. थंड पाण्यात आम्ही कोमट क्षार टाकत होतो, त्यामुळे गारवा कमी दिसत होता. गरम पाण्यात त्या मानाने थंड क्षार टाकत होतो, त्यामुळे गारवा जास्त दिसत होता. दोन्ही टोके एकमेकांकडे ओढली गेली.

आणि किती ओढली गेली? पोटॅशियम क्लोराइडची कोरड्या स्थितीतली उष्माधारकता मोलामागे ५१ ज्यूल प्रति अंश आहे. आमचा उतार साधारण तेवढ्यानेच कमी पडत होता. वर मांडलेल्या किरखॉफच्या कंसातले शेवटचे पद, कोरड्या मिठाचे, आम्ही न कळत गाळले होते, कारण मीठ आम्ही तापवलेच नव्हते. त्या दिवशी तो कंस वर्गाला जितका समजला तितका फळ्यावर कधी समजला नसता. तुम्हाला वेळ असेल तर ही चूक मुद्दाम करून पाहा. आधी बरोबर, मग चुकीची.

तिसरी पायरी: एक फेरी

थर्मासात ४०० ग्रॅम पाणी हव्या त्या तापमानाचे घ्या. बूच लावून दहा मिनिटे ढवळा, भिंती त्या तापमानाला येऊ द्या. मग दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपायला लागा. पाच मिनिटे नुसते टिपा. या नोंदींवरून थर्मास स्वतःहून किती वेगाने तापतो किंवा निवतो ते कळते.

पाच मिनिटे भरली की बूच कडेने उचला, क्षार एका झटक्यात आत सोडा, बूच दाबा. तीन सेकंदांहून जास्त वेळ तोंड उघडे नको. ढवळणी एकाच लयीत खालीवर करत राहा. एक मिनिटाच्या आत बहुतेक क्षार विरघळतो आणि तापमान खाली जाऊन स्थिरावते. नोंदी आणखी आठ मिनिटे चालू ठेवा. शेवटी बूच काढून तळाला कण राहिले नाहीत ना, ते बघा. राहिले असतील तर ती फेरी रद्द.

आलेखावर आधीची रेघ पुढे वाढवा आणि नंतरची रेघ मागे वाढवा. पडझडीचा सुमारे ६३ टक्के भाग ज्या क्षणी उरकला, त्या क्षणी दोन्ही रेघांमधले उभे अंतर मोजा. हाच खरा तापमानफरक. खोलीच्या तापमानाजवळ ही दुरुस्ती नगण्य असते, पण १० आणि ४० अंशाला ती सोडली तर उत्तर बिघडते.

चौथी पायरी: आकडेमोड

समजा ३०.० अंशांच्या पाण्यात क्षार टाकला आणि रेघांमधले अंतर ३.९७ अंश आले.

द्रावण ४३० ग्रॅम. एका मोलालतेच्या (किलोभर पाण्यात एक मोल) पोटॅशियम क्लोराइड द्रावणाची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ३.८३ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. गुणाकार सुमारे १६४५. थर्मासचे ६० मिळवा: १७०५.

१७०५ × ३.९७ = सुमारे ६७७० ज्यूल. त्याला ०.४०२ मोलने भागा. उत्तर १६.८ किलोज्यूल प्रति मोल.

इथे दोन ठिकाणी अडखळायला होते. एक म्हणजे सवयीने ४.१८ वापरणे. तसे केले तर सगळी उत्तरे नऊ टक्क्यांनी फुगतात. दुसरी गोष्ट पुस्तकांत क्वचितच सांगितलेली असते: हे उत्तर कोणत्या तापमानाचे? ३० चे, २६ चे, की मधले? आपण तयार द्रावणाची उष्माधारकता वापरली, म्हणजे मनातल्या मनात क्षार ३० ला विरघळवला आणि मग द्रावण २६ पर्यंत निवू दिले. म्हणून उत्तर सुरुवातीच्या तापमानाचे, ३० चे. सुट्या पाण्याची आणि क्षाराची उष्माधारकता वापरली असती तर ते शेवटच्या तापमानाचे झाले असते. आलेखावर बिंदू चुकीच्या जागी टाकला की उतार बदलत नाही, पण सगळी रेघ चार अंशांनी सरकते.

पाचवी पायरी: चार तापमाने, एक रेघ

१०, २०, ३० आणि ४० अंश. प्रत्येकी तीन फेऱ्या. बर्फ थर्मासात घालू नका, बाहेरच्या टबात घाला. चुकून आत शिरलेला बर्फाचा एक ग्रॅम वितळताना ३३४ ज्यूल खातो.

काम नीट झाले तर पोटॅशियम क्लोराइडसाठी या प्रमाणात साधारण असे यावे: १० अंशाला साडेएकोणीसच्या जवळ, २० ला अठरा, ३० ला सतराच्या थोडे खाली, ४० ला साडेपंधरा ते सोळाच्या मध्ये. थर्मामीटरवर हाच फरक साडेचार अंशांच्या घसरणीपासून पावणेचार अंशांपर्यंत दिसतो.

४० अंशांच्या फेऱ्यांत एक शत्रू लपलेला असतो, बाष्पीभवन. त्या तापमानाला एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २४०० ज्यूल नेते. तुमचा सगळा गारवा सहा-साडेसहा हजार ज्यूलांचा. बूच ढिले असेल, तोंड जास्त वेळ उघडे राहिले असेल आणि अर्धा ग्रॅम जरी उडाले असेल, तर १२०० ज्यूल खोटे जमा झाले. ओळखायची खूण सोपी आहे. फेरीआधी आणि फेरीनंतर थर्मास बुचासकट तोला, आणि नंतरच्या वजनातून टाकलेल्या क्षाराचे ३० ग्रॅम वजा करा. काटा तेवढे वजन पेलणारा नसेल तर स्वयंपाकघरातला मोठा काटा घ्या. तो एक ग्रॅमचा फरक दाखवत असेल, तर त्या फेरीवर विश्वास ठेवू नका.

चार बिंदूंतून रेघ ओढा. १० पासून ४० पर्यंत साधारण ३.७ किलोज्यूलची उतरण, म्हणजे अंशामागे मोलाला १२० ते १२५ ज्यूल. बिंदू नेमके असतील तर रेघ थंड बाजूला किंचित जास्त तिरकी आणि गरम बाजूला किंचित सपाट दिसेल. ते खरे आहे. थंड पाण्याची जाळी घट्ट असते, आयनांनी मोडायला तिथे जास्त काही असते.

आता त्या उतारातून कोरड्या क्षाराचे ५१ बाजूला काढा. उरतात साधारण −७२, द्रावणातल्या क्षाराच्या वाट्याची उष्माधारकता. ०.४०२ मोलासाठी −२९ ज्यूल. ४०० ग्रॅम पाण्याची उष्माधारकता १६७२ होती. त्यात ३० ग्रॅम क्षार मिळवल्यावर ती १६४३ झाली. एक थर्मास, एक थर्मामीटर आणि बारा फेऱ्यांतून तुम्ही आयनांभोवतालच्या पाण्याची बदललेली घडण मोजलीत. मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर आकडा वाटतो.

साधे मीठ: जिथे खूण पालटते

हीच रीत ३०.० ग्रॅम सोडियम क्लोराइडसाठी करा. २५ अंशाला घसरण जेमतेम एक अंशाची येईल, ४५ ला अर्ध्या अंशाची. अतिविरल द्रावणाचा हिशेब पाहिला तर २५ ला +३.९ किलोज्यूल, ५० च्या सुमारास एकाच्याही खाली, आणि ५० ते ६० च्या दरम्यान कुठेतरी शून्य. त्यापुढे मीठ विरघळताना पाणी थोडेसे तापते. घरच्या थर्मामीटरने शून्याचा नेमका बिंदू पकडता येणार नाही, पण २५, ३५, ४५ चे बिंदू घेऊन रेघ पुढे वाढवली तर ती कुठे टेकते हे दिसते.

इथे एक चांगला विद्यार्थी हमखास विचारतो: ६० अंशांपुढे मीठ उष्मादायी झाले, तर ल शातेलिएच्या तत्त्वाप्रमाणे (समतोल बिघडवला की तो बदलाला विरोध करणाऱ्या बाजूला सरकतो) तापवल्यावर त्याची विद्राव्यता घटायला हवी. प्रत्यक्षात ती शंभर ग्रॅम पाण्यात ० अंशाला ३५.७, ६० ला ३७.३ आणि १०० ला ३९ च्या वर, अशी हळूहळू वाढतच जाते. असे का?

विद्राव्यतेचा संबंध अतिविरल द्रावणातल्या उष्णतेशी नसतो. जवळपास संतृप्त झालेल्या द्रावणात शेवटचा चिमूटभर क्षार टाकताना जी उष्णता लागते, तिच्याशी असतो. या दोन उष्णता वेगळ्या आहेत, खुणेनेही वेगळ्या असू शकतात. सोडियम सल्फेटमध्ये विद्राव्यता खरोखरच उलटी फिरते. ३२.४ अंशाच्या खाली दहा रेणू पाणी धरलेले स्फटिक टिकतात, ते विरघळताना मोलामागे ७८ किलोज्यूलच्या आसपास ओढतात आणि विद्राव्यता झपाट्याने चढते. त्या तापमानाच्या वर निर्जल क्षार टिकतो, तो विरघळताना थोडी उष्णता देतो, आणि विद्राव्यता उतरू लागते.

द्रावणात द्रावण

कोरडा क्षार नको, दोन तयार द्रावणे मिसळायची असतील तर नियम तोच, पण आकडे फार लहान होतात. मिठाचे संतृप्त द्रावण आणि तेवढेच पाणी, दोन्ही २५ अंशांचे, एकत्र करा. मिश्रण गार पडते, पण अर्ध्या अंशाच्याही आत. तापमान वाढवले की हा गारवाही आटत जातो, आणि कारणही तेच: दाट द्रावणात मिठाच्या वाट्याची उष्माधारकता विरल द्रावणातल्याइतकी ऋण नसते. ०.०१ अंशाचा थर्मामीटर असेल तर १५, २५ आणि ३५ अंशाला हे करून पाहा. इथे कोरड्या क्षाराचा प्रश्न नाही, पण दोन्ही द्रव एकाच टबात एकत्र ठेवून अगदी एका तापमानाला आणावे लागतात. त्यांच्यात ०.१ अंशाचा फरक राहिला तरी निष्कर्ष गेला.

सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड यांची सारख्याच तीव्रतेची द्रावणे मिसळली, तर किलोभर पाण्यामागे काही दहा ज्यूलच इकडचे तिकडे होतात, तापमानात एक शतांश अंशाच्या आसपास. हे थर्मासचे काम नव्हे. शिकागो विद्यापीठात टी. एफ. यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात अशी मोजमापे केली. त्यांच्या हाती आलेला नियम असा: एकूण आयनिक तीव्रता (द्रावणातल्या आयनांचे, त्यांचा भार धरून, एकूण प्रमाण) स्थिर ठेवली, तर सोडियम-पोटॅशियम मिश्रणाची उष्णता सोबतचा ऋण आयन क्लोराइड आहे की ब्रोमाइड यावर फारशी अवलंबून नसते. सारख्या विद्युतभाराचे आयन एकमेकांपासून दूर राहतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध येत नाही, असे तोवर मानले जाई. त्या इवल्या उष्णतेने ते खोडून काढले.

पुन्हा ड्रमकडे

आता सकाळचा तो ड्रम. १०० लिटर पाणी, १५ अंश, आणि २० किलो १३:००:४५. तक्ता बघितला तर पोटॅशियम नायट्रेटची विद्राव्यता शंभर ग्रॅम पाण्यात १० अंशाला २०.९ ग्रॅम आणि २० ला ३१.६, म्हणजे १५ अंशाला २० किलो सहज मावायला हवे. तरी तळाशी खत राहते, आणि दोष खताच्या प्रतीला दिला जातो.

खरे कारण गारव्यात आहे. २० किलो म्हणजे जवळपास २०० मोल. ते सगळे विरघळू पाहतील तर पाणी ढोबळ हिशेबाने दहा अंशांहून अधिक खाली ओढतील. पाणी ५ अंशांच्या जवळ पोचले की तिथली विद्राव्यताच २० च्या खाली येते (० अंशाला ती १३.३ आहे), आणि विरघळणे अडते. काही किलो खत तळाशी बसते, आणि ड्रम उन्हाने तापेपर्यंत तसेच राहते. थंड पाण्यात विद्रावण-उष्णता थोडी जास्त असते, ती या अडचणीत भरच घालते.

म्हणून थंडीत खत घोळताना विद्राव्यतेचा तक्ता पाण्याच्या सुरुवातीच्या तापमानाला वाचू नका, घोळ स्थिरावल्यावरच्या तापमानाला वाचा. एका बादलीत १० लिटर पाणी आणि २ किलो खत घेऊन आधी चाचणी करा, पाच मिनिटे ढवळून थर्मामीटर बुडवा, आणि जो आकडा येईल त्या ओळीत तक्ता पाहा. खत निम्मे निम्मे करून, दोन हप्त्यांमध्ये तासाभराचे अंतर ठेवून घाला. विहिरीचे ताजे उपसलेले पाणी टाकीत रात्रभर निवलेल्या पाण्यापेक्षा पहाटे कोमट असते, शक्य असेल तर तेच घ्या. आणि गाळणीच्या आधी ड्रमच्या तळात हात घालून बघा. खडे लागले तर व्हेंच्युरी (घोळ ठिबकाच्या नळीत ओढून घेणारे साधन) चालू करू नका.